बुधवारची मुलाखत

गेल्या वर्षी डॉ. रुबिना फणसोपकरची एका मुलाखतीत निवड झाली नव्हती, आणि ही गोष्ट अब्बांशिवाय रत्नागिरीत कुणालाच ठाऊक नव्हती.

मुलाखत मुंबईतल्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या फेलोशिपची होती. एमडी झालेल्या डॉक्टरांसाठी वर्षभराचं शिक्षण, जागा सहा, अर्ज देशभरातून. विषय पॅलिएटिव्ह मेडिसिन. आजार बरा होवो न होवो, माणसाचं दुखणं, धाप, उलट्या, न लागणारी झोप, भीती, या सगळ्यावर उपचार कसे करायचे ते शिकवणारा.

रुबिना एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात फिजिशियन होती. तिथे पहिल्या मजल्यावर किमोची खोली होती. पाच आरामखुर्च्या आणि खिडकीशी एक खाट. कोल्हापूरहून कॅन्सरचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, सगळ्यांना तपासून कुणाला कुठलं औषध किती द्यायचं ते लिहून जायचे. बाकीचे दिवस ती खोली रुबिना आणि ईशा सिस्टर सांभाळायच्या. तीन वर्षं हे काम केल्यावर रुबिनाच्या लक्षात आलं होतं, की माणसं तिला गाठीबद्दल फारसं विचारतच नाहीत. ताट समोर आलं की मळमळतं त्याला काय करू, पाठ टेकता येत नाही तर झोपू कशी, घरातल्या मुलांना काय सांगू, असं विचारतात. यातल्या निम्म्या प्रश्नांना तिच्याकडे धड उत्तर नव्हतं. म्हणून तिने अर्ज केला होता, आणि म्हणूनच यंदा पुन्हा करणार होती.

अर्जासोबत पाचशे शब्दांत लिहून द्यायचं होतं, तुम्हाला हे का शिकायचंय. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी तो कागद रुबिना किमोच्या खोलीतच ट्रॉलीवर ठेवून गेली. परत आली तेव्हा दमयंती दुर्गवळी तो वाचत होत्या.

दमयंतीबाई मालगुंडच्या हायस्कुलात एकतीस वर्षं शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. वय अडुसष्ट. हॉस्पिटलात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे, वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत. अंडाशयाचा कॅन्सर दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढला होता, तो परत आला होता. दर तीन आठवड्यांनी किमो. यजमान वारलेले, मुलगा ओमकार लांज्याला काजूच्या कारखान्यात मॅनेजर. किमोच्या आदल्या संध्याकाळी तो मालगुंडला येऊन राहायचा आणि सकाळी आरे-वाऱ्याच्या किनारी रस्त्याने आईला घेऊन यायचा.

"डॉक्टर, हे तुम्ही लिहिलंत?" बाईंनी विचारलं. एका हाताला सलाईन होतं, दुसऱ्या हातात कागद.

"हो. तुम्ही इंग्रजी वाचता हे विसरलेच मी."

"वाचत्ये काय, शिकवत होते." बाईंनी चष्मा वर सरकवला. "स्पेलिंगची चूक एकही नाही. पण यात तुम्ही कुठे आहात?"

"म्हणजे?"

"भारतात एवढे लाख रोगी, त्यातल्या एवढ्या टक्क्यांना औषध मिळत नाही, जागतिक संघटना असं म्हणते. हे सगळं मुंबईच्या लोकांना तुमच्याआधीपासून माहीत असेल. रत्नागिरीतल्या या खोलीत कोण बसतं, ते त्यांना माहीत नाही. तेवढंच नेमकं तुम्ही लिहिलं नाहीत."

रुबिनाला आधी राग आला. मग तिने स्टूल ओढलं आणि गेल्या वर्षीची मुलाखत बाईंना सांगून टाकली. तिथे काय विचारलं, आपण पाठ केलेली आकडेवारी कशी घडाघडा म्हटली, मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकीने मध्येच घड्याळाकडे कसं पाहिलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "शाळेच्या निवड समितीवर मी अकरा वर्षं होते," त्या म्हणाल्या. "किती मास्तर घेतले, किती परत पाठवले. मला इथे तीन-चार तास बसायचंच असतं. मी घेत्ये तुमची मुलाखत."

असं ते सुरू झालं. औषध चढत असायचं, ईशा सिस्टर येऊन थेंब मोजून जायची, आणि बाई प्रश्न विचारायच्या. उत्तर मराठीत द्यायचं ही त्यांची अट. "मराठीत सांगताना अडलात, तर समजा की ते तुम्हाला अजून नीट कळलेलं नाही. इंग्रजी नंतर करू." रुबिना अडायची. बऱ्याचदा. मग बाई थांबायच्या, घाई करायच्या नाहीत, आणि शेजारच्या खुर्चीतले साखरतरचे एक काका मान वळवून ऐकत राहायचे. डिसेंबरात रुबिनाने पाचशे शब्द पुन्हा लिहून काढले. यावेळी त्यात टक्केवारी नव्हती. पाच खुर्च्या आणि एक खाट होती.

डिसेंबरच्या मध्यावर बाईंचं स्कॅन झालं.

रिपोर्ट वाईट होता. औषध लागू पडलं नव्हतं; यकृताच्या कडेला नवीन गाठी होत्या, पोटात पाणी साठायला लागलं होतं. रुबिनाने कोल्हापूरला फोन केला. मोठे डॉक्टर म्हणाले, "आता एक दर आठवड्याचं औषध देता येईल. दहातल्या एखाद-दुसऱ्याला उपयोग होतो. त्यांना हवं असेल तर द्या. त्यांच्याशी बोलून घ्या."

फोन ठेवून ती बाहेर आली तर जिन्याशी ओमकार उभा होता. चाळिशीचा, शांत माणूस. रिपोर्टचं पाकीट त्याने आधीच उघडलेलं होतं.

"डॉक्टर, आईला सांगू नका."

"ओमकार, त्यांना विचारावं तर लागेल."

"बाबा गेले तेव्हा ती महिनाभर जेवली नव्हती. हे कळलं तर ती आत्ताच हाय खाईल. मला एकुलता एक मुलगा म्हणून एवढंच करता येतंय. प्लीज." त्याचे ओठ थरथरत होते.

रुबिनाने त्याच्या हातातलं पाकीट घेतलं. ती खोलीत गेली. बाई खिडकीशी बसल्या होत्या.

"बाई, रिपोर्ट ठीक आहेत. औषध जरा बदलतोय. आता दर बुधवारी यायचं."

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आपली मुलाखत आता दर आठवड्याला."

जानेवारीत बाईंची धाकटी बहीण कमळा, तिच्या नातीचं लग्न होतं. खेडला, ऐन बुधवारी. मृणाली नाव त्या मुलीचं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मालगुंडला राहायला यायची, बाईंनीच तिला अक्षरं गिरवायला शिकवलेली. बाईंनी विचारलं, "डॉक्टर, एक बुधवार चुकला तर चालेल का हो?"

रुबिनाने ओमकारकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, आता अर्ध्यावर आलंय. कशाला चुकवतेस?"

आणि रुबिना म्हणाली, "न चुकवलेलं बरं. पांढऱ्या पेशी कमी आहेत, लग्नात गर्दी असते."

त्यात खोटं काही नव्हतं. पेशी कमी होत्याच. पण हे सांगताना आपण बाईंच्या डोळ्यांकडे न बघता हातातल्या फाईलकडे बघतोय, हे तिला कळत होतं.

"बरी झाल्यावर जाईन," बाई म्हणाल्या. "मृणाली काही पळून जात नाहीये."

मुलाखतीला बोलावल्याचं पत्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला आलं. मुलाखत ऑनलाइन होती, गुरुवारी सकाळी अकरा वाजता. त्याच्या आदल्या दिवशी बुधवार, म्हणजे शेवटचा सराव.

त्या दिवशी बाई थकलेल्या होत्या. खुर्चीत न बसता खाटेवर आडव्या झाल्या. खोलीत आणखी दोघंच होते आणि दोघांनाही झोप लागलेली होती. ओमकार खाली औषधं आणायला गेला होता. ईशा सिस्टरने सलाईन लावलं आणि ती टेबलाशी जाऊन बसली.

"आज राहू दे, बाई. तुम्ही पडा," रुबिना म्हणाली.

"उद्या परीक्षा आणि आज सुट्टी? बसा." बाईंनी उशी पाठीशी घेतली. "एकच प्रश्न विचारत्ये. पेशंटच्या घरचे येऊन म्हणाले, हिला खरं सांगू नका, तर तुम्ही काय करता?"

हा प्रश्न नेहमीचा होता. रुबिनाने तयार केलेला होता. "आधी घरच्यांचं ऐकून घेईन," ती म्हणाली. "त्यांना कशाची भीती वाटते ते विचारीन. मग त्यांना सांगेन, की मी स्वतःहून काही लादणार नाही, पण पेशंटने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि मग पेशंटला विचारीन, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. त्यांना हवं असेल तेवढं, त्यांच्या..."

ती बोलता बोलता थांबली.

बाई तिच्याकडे बघत होत्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "उत्तर छान आहे," त्या म्हणाल्या. "मग मला का नाही विचारलंत?"

सलाईनचे थेंब पडत होते. टेबलाशी बसलेल्या ईशा सिस्टरने लिहिणं थांबवलं.

"तुम्हाला कधी कळलं?" रुबिनाने विचारलं.

"पोट बघा माझं. दर आठवड्याला साडीचा एक वेढा कमी होतोय. आणि ओमकार हल्ली माझ्याशी हसून बोलतो. लहान होता तेव्हापासून तो खोटं बोलताना हसतो." बाईंनी श्वास घेतला. "तुम्ही फाईलकडे बघता."

"बाई, चुकलं माझं."

"ते नंतर. प्रश्न अर्धा राहिलाय."

रुबिनाने स्टूल खाटेजवळ नेलं. "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?"

"सगळं."

मग तिने सगळं सांगितलं. मराठीत. डिसेंबरचं स्कॅन, यकृताजवळच्या गाठी, पोटातलं पाणी, दहातल्या एखाद-दुसऱ्याला लागू पडणारं औषध. ते लागू पडलेलं नाही हेही. मध्ये दोनदा ती अडली. बाई वाट बघत राहिल्या, सरावाच्या वेळी बघायच्या तशाच.

"किती दिवस?"

"नक्की सांगता येत नाही. महिन्यांचाच हिशेब धरावा लागेल. दोन, कदाचित तीन."

बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या कानाजवळ एक ओघळ उतरला, तो त्यांनी पुसला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हाताला लागलेल्या नळीकडे बोट दाखवलं. "याने आता काही होणार आहे?"

"नाही."

"मग काढा."

रुबिनाने मान हलवली तशी ईशा सिस्टर आली आणि तिने सुई काढली. कापूस दाबून धरला. तिचे डोळे भरलेले होते.

"मृणालीच्या लग्नाला गेले असते मी," बाई म्हणाल्या.

रुबिनाने बाईंचा हात धरला, कापसाच्या वरच्या बाजूला, आणि तशीच बसली. बाईंनी हात काढून घेतला नाही.

ओमकार औषधांची पिशवी घेऊन वर आला, त्याने लटकणारी नळी पाहिली आणि दारातच थबकला.

"ये, बस," बाई त्याला म्हणाल्या. "मला सगळं सांगितलंय डॉक्टरांनी. त्यांच्यावर रागावू नकोस. मी विचारलं." तो खाटेच्या कडेला बसला आणि लहान पोरासारखं त्याने आईच्या मांडीत तोंड घातलं. बाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "परवा खेडला जाऊ," त्या म्हणाल्या. "कमळीकडे. गाडीत जमेल का, डॉक्टर?"

"उद्या दुपारी पोटातलं पाणी काढते. मग बसवेल," रुबिना म्हणाली.

त्या संध्याकाळी रुबिना घरी आली ती खांद्यावरची बॅग न उतरवता ओटीवर बसून राहिली. तिचे वडील, मुसा फणसोपकर, बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर फिटर होते. त्यांनी लेकीसमोर चहा ठेवला. चहा निवल्यावर तिने आपणहूनच सांगितलं.

अब्बा तिच्या शेजारी ओटीवर बसले. "तुझी दादी वारली तेव्हा आमचं जहाज आफ्रिकेच्या खाली होतं," ते म्हणाले. "घरची तार कॅप्टनला मिळाली. त्याने मला सांगितलं नाही. बंदर अकरा दिवस लांब होतं, पोरगा उगाच तळमळेल म्हणून. बंदरात उतरल्यावर सांगितलं. भला माणूस होता, माझ्या पाठीवर हात ठेवून रडला पण." ते थांबले. "पण ते अकरा दिवस मी जेवलो, हसलो, संध्याकाळी पत्ते खेळलो. इकडे माय गेली होती आणि मी पत्ते खेळत होतो. चाळीस वर्षं झाली. त्याला मी माफ केलं, पण ते दिवस आठवले की अजून जेवण जात नाही."

"मी उद्या काय सांगू तिथे, अब्बा?"

"मला काय कळतं त्यातलं? पण आज जे झालं ते लपवून दुसरं काही चांगलं सांगितलंस, तर तुला स्वतःलाच बरं वाटणार नाही."

मुलाखतीसाठी रुबिना हॉस्पिटलातल्या रेकॉर्डच्या खोलीत बसली. तिथे नेट बरं चालायचं. पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. विभागप्रमुख असलेल्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टर, एक सर्जन आणि नर्सिंगच्या प्रमुख सिस्टर. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. मॉर्फिनचा डोस कसा वाढवायचा, मूत्रपिंड कमजोर असेल तर काय. तिने उत्तरं दिली. सर्जनने विचारलं, रत्नागिरीत परत जाणार का. ती म्हणाली, हो, पाच खुर्च्या आणि एक खाट आहे तिथे. पांढऱ्या केसांच्या डॉक्टर किंचित हसल्या. त्यांनी अर्ज वाचलेला होता.

मग प्रमुख सिस्टरने विचारलं, "पेशंटशी बोलताना तुमच्या हातून चुकलंय, असा एखादा प्रसंग सांगा."

याचंही उत्तर तयार होतं. दोन वर्षांपूर्वीचा, सौम्य, शेवटी सगळं नीट झालेला एक प्रसंग. बाईंनीच तो घोटून घेतला होता. रुबिनाने तोंड उघडलं आणि तिला वेगळंच बोलावंसं वाटलं.

"कालचा प्रसंग आहे," ती म्हणाली. "पेशंटचं नाव सांगणार नाही."

तिने सांगितलं. मुलाने विनवलं तेव्हा आपण कसे विरघळलो, रिपोर्ट ठीक आहेत असं कसं म्हणालो, लग्नाला जाऊ दिलं नाही तेव्हा पेशींचं कारण कसं पुढे केलं. पेशंटने स्वतःच विचारलं तोवर सात आठवडे गेले होते. मुलाखतीच्या सरावाचंही तिने लपवलं नाही. इंग्रजीत सांगताना ती अडली नाही. आदल्या दिवशी मराठीत सांगून झालं होतं.

मग सर्जन म्हणाला, "तुम्हाला उत्तर माहीत होतं. तरी तुम्ही तसं वागलात. का?"

"मुलगा रडायच्या बेतात होता. त्याच्यासमोर मला ते वाक्य म्हणता आलं नाही. मला वाटलं मी त्याच्यावर दया करतेय. खरं तर मला त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचं होतं." ती थांबली. "वाक्य मला पाठ आहे. समोर माणूस असताना ते कसं म्हणायचं, तेच शिकायला मी येऊ पाहतेय."

"सगळं कळल्यावर त्या काय म्हणाल्या?" पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"एका लग्नाला गेले असते, म्हणाल्या."

"आणि आता?"

"आता त्या खाली वॉर्डात आहेत. दुपारी त्यांच्या पोटातलं पाणी काढायचंय, म्हणजे उद्या त्यांना बहिणीकडे जाता येईल."

त्या डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मग आम्ही तुमचा जास्त वेळ घेत नाही," त्या म्हणाल्या.

यंदाही गेलं, असंच रुबिनाला वाटलं. त्यावर विचार करायला तिला वेळ नव्हता. तिने हात धुतले, ईशा सिस्टरला हाक मारली, आणि बाईंच्या पोटातून सावकाश साडेतीन लिटर पाणी काढलं. बाईंनी मुलाखतीचं विचारलं तेव्हा तिने सांगितलं, तुमचा घोटलेला प्रसंग मी सांगितला नाही. बाई म्हणाल्या, "माझा सांगितलास?" तिने मान हलवली. "नाव?" "नाही घेतलं." "घेतलं असतंस तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या तिला अगं-तुगं करायला लागल्या.

खेडला त्या नऊ दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मृणाली सासरहून नवऱ्याला घेऊन आली होती, आणि कमळाने तिला लग्नातला शालू पुन्हा नेसायला लावला होता. "दागिने घालून बसली होती बिचारी माझ्यासमोर तासभर," बाई सांगत होत्या, "उकाड्याने नुसती घामाघूम. शेवटी मीच म्हटलं, जा, बदलून ये." त्या हसल्या आणि हसताना त्यांना धाप लागली. जगबुडी नदीच्या काठाला खुर्ची टाकून दोघी बहिणी संध्याकाळी बसायच्या, हेही त्यांनी सांगितलं. काय बोलायच्या ते सांगितलं नाही.

निवडीची यादी मार्चमध्ये लागली. रुबिनाचं नाव सहावं होतं. तिने आधी अब्बांना सांगितलं, मग स्कूटर काढून थेट मालगुंड गाठलं. बाई आता बिछान्यातच असायच्या. ओमकारने रजा टाकली होती. तोच आईला मऊ भात भरवायचा, अंग पुसायचा.

"सहावं म्हणजे शेवटचं," बाई म्हणाल्या.

"हो."

"काही हरकत नाही. आत गेल्यावर नंबर कोण विचारतंय." त्यांनी डोळे मिटून घेतले. रुबिनाला वाटलं झोप लागली. "तू गेल्यावर इथल्या लोकांचं कोण बघणार?"

"वर्षभर कोल्हापूरहून एक डॉक्टर दर आठवड्याला येणार आहेत. ईशा सिस्टर आहे."

"ईशाला पण शिकव काहीतरी जाण्याआधी. ती ऐकते नीट."

रुबिनाने शिकवलं. मॉर्फिनच्या गोळ्या कशा सुरू करायच्या, पोट साफ राहायचं औषध सोबत का द्यायचं, घरच्यांना काय लिहून द्यायचं. मालगुंडला जाताना ती ईशाला बरोबर नेऊ लागली. आठवड्यातून दोनदा, नंतर एक दिवसाआड. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाईंचं दुखणं अचानक वाढलं. गोळी गिळवेना. दोन दिवस फार वाईट गेले. औषध त्वचेखाली सुईने द्यायचं ठरलं, त्यासाठी लागणारा छोटा पंप मिळवायला वेळ लागला, आणि तोवर ओमकार आईच्या पायाशी बसून नुसते पाय चेपत होता. पंप लागल्यावर तासाभरात बाईंच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी, ओमकार खिडकी उघडत असताना, त्यांचा श्वास थांबला.

तेराव्यानंतर रुबिना भेटायला गेली. ओमकारने तिला कोकमचं सरबत दिलं आणि समोर बसला.

"डॉक्टर, मी चुकलो ना?" त्याने विचारलं. "ते सात आठवडे."

"दोघं चुकलो," रुबिना म्हणाली. "मी जास्त. मला येत होतं आणि मी केलं नाही."

"कळल्यानंतरचे दोन महिने," तो म्हणाला, "ती माझ्याशी जेवढं बोलली तेवढं आधी कधीच बोलली नव्हती. बाबांबद्दल, स्वतःच्या नोकरीबद्दल. मी घाबरत होतो ते झालंच नाही. ती जेवायची थांबली नाही. कमळामावशीकडचे घावन मागवून घेतलेन तिने." आणि तो रडला. यावेळी रुबिना उठली नाही. ग्लास खाली ठेवून ती त्याचं होईपर्यंत बसून राहिली.

एक मेपासून मुंबईत हजर व्हायचं होतं. अब्बा स्टेशनवर सोडायला आले. त्यांनी बॅग सीटखाली नीट लोटली, पाण्याची बाटली हातात दिली आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहिले. दुपारची वेळ होती. चिपळूण गेलं. खेड यायच्या जरा आधी तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. "डॉक्टर, डबा कुठला तुमचा? ओमकारमामाने गाडी सांगितली, डबा सांगायला विसरला."

खेडला गाडी दोन मिनिटं थांबते. रुबिना दारात येऊन उभी राहिली. फलाटावरून एक मुलगी साडी सावरत धावत आली. गळ्यात नवं मंगळसूत्र, हातात अजून हिरवा चुडा. तिच्या हातात जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेला डबा होता.

"मी मृणाली. कमळाआजीने दिलंय. नाचणीचे लाडू आहेत, टिकतील पंधरा दिवस. तिला गुडघ्यांनी जिना चढवत नाही, नाहीतर तीच येणार होती."

रुबिनाने डबा घेतला. गार्डची शिट्टी झाली. मृणालीने दाराच्या दांड्याला हात धरला, जसं काही तेवढ्याने गाडी थांबणार होती.

"एक विचारू? मामा सांगत नाही नीट. मालगुंडच्या आजीला शेवटी फार त्रास झाला का हो?"

"दोन दिवस झाला," रुबिना म्हणाली. "खूप झाला. मग औषध लागू पडलं आणि थांबला. गेल्या तेव्हा शांत होत्या. ओमकार तिथेच होता."

मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मान हलवली, दोनदा, आणि दांड्यावरचा हात सोडला. गाडी हलली. ती थोडं अंतर बरोबर चालली.

"लाडू आज नका खाऊ," ती म्हणाली. "उद्या खा. उद्यापर्यंत छान मुरतात."

रुबिनाने डबा उराशी धरला आणि फलाट संपेपर्यंत दारात उभी राहिली.